हातगुण

पहिल्यांदा लॅपटॉप गेला तेव्हा वाटलं, वीज गेली.
पण या हल गावात वीज जात नाही,
आणि डोक्यावरचा दिवा तर जळतच होता.

निषाद लीड्सहून म्हणाला, तापत असेल, आई.
मग मी तो पोळपाटावर ठेवला,
तीन पाय, खालून वारा.
ऐन जानेवारीत टेबलफॅन लावला, स्वतः शाल पांघरून बसले.
तरी गेला.
बॅटरी असेल. बॅटरी बदलली, एकोणचाळीस पौंड.
गेला.
अपडेट कर म्हणाला. रात्रभर ते चक्र गोल गोल फिरलं,
सकाळी शंभर टक्के झालं,
नऊ वाजून सहा मिनिटांनी गेला.

कॅलेंडरवर वेळा लिहू लागले,
पूर्वी दूधवाल्याचे खाडे लिहायचे तशा.
सोमवार सात वीस. सोमवार सात सव्वीस.
बुधवारी अख्खं नाटक पाहिलं त्यावर, दोन अंक,
हूं नाही की चूं नाही.
गुरुवारी अर्ज उघडला.

अर्ज इस्पितळातला, रक्ताचे नमुने घ्यायच्या नोकरीचा.
तुम्हाला ही नोकरी का हवी, अडीचशे शब्दांत.
कधी पहिल्या वाक्यात, कधी तिसऱ्या,
पडदा काळा
आणि काळ्यात माझाच चष्मा.

स्प्रिंग बँकवर हेमीनचं दुकान आहे, सुलेमानियाचा हेमीन.
त्याने तीन दिवस ठेवून घेतला,
त्यावर फुटबॉल पाहिला, चुलतभावाचं लग्न पाहिलं,
एकदाही बंद पडला नाही.
दवाखान्याच्या पायरीवर दाढ थांबते तसं.
पाठ उघडून दाखवली: पंखा स्वच्छ.
यंत्रात काही नाही, म्हणाला,
पुढचं वाक्य त्याने गिळलं.

आमच्या आळीत अंबूताई होत्या,
त्यांच्या हातचं लोणचं बुरसायचंच.
बायका म्हणायच्या, हातगुण, दुसरं काय.
मीठ कमी पडत असेल
असं कुणाच्या मनातही आलं नाही.

इथे बसा, हेमीन म्हणाला. लिहा.
काय लिहू?
घरी लिहिता तेच.
इंग्रजीत मी म्हणजे एकच अक्षर, काठीसारखं उभं,
आणि ते मोठंच लिहावं लागतं,
आपल्या मी-ला लहानमोठं काही नसतं.
उजव्या हाताने ते अक्षर,
डाव्या करंगळीने कोपऱ्यातली शिफ्ट,
मनगट जरासं टेकवून –
गेला.

पुन्हा, म्हणाला.
पुन्हा गेला.

त्याने टेबलावरची पेपरक्लिप उचलली,
काही न बोलता माझ्या मनगटाजवळ आणली.
टुणकन उडी मारून ती कड्याला चिकटली.

कडं कुमुदवन्संनी मिरजेहून पाठवलेलं, चुंबकाचं.
रक्त खेळतं राहतं, वात पळतो.
दिवाळीपासून आंघोळीलासुद्धा काढलं नव्हतं.

झाकणात एक चुंबक असतो, हेमीन सांगत होता,
आणि खाली त्याची वाट बघणारा बारीकसा डोळा.
चुंबक जवळ आला की यंत्राला वाटतं, मिटलो.
मिटलं की बंद व्हायचं,
हे आधीच्या मालकाने ठरवून ठेवलेलं.
सताड उघडा असायचा, आणि त्याला वाटायचं, मिटलो.
मी 'मी' म्हणायला गेले की.

पैसे घेतले नाहीत त्याने. चहा मात्र पाजला, बिनदुधाचा.
बॅटरीचे एकोणचाळीस आठवून मी घरापर्यंत हळहळले.

कडं काढलं. मनगटावर पांढरट वळ.
रात्री ठणका लागला तो लागलाच,
नदीवरून दमट वारा, खिडकी नीट बसत नाही.
लिहीत राहिले.
दोनशे अठ्ठेचाळीस शब्द. त्यात मी एकोणीस वेळा,
मोजले.

रविवारी वन्संचा फोन.
कड्याचा गुण आला का हो, वहिनी?
आला, म्हटलं.
फ्रिजच्या दारावर ते
गॅसचं बिल धरून उभं होतं.